कुरकुरीची वही



पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीतल्या आम्ही भिशीच्या सतरा जणी. माइकसमोर आमच्यातली एकच बसली आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही'.

आजचा विषय आहे कुरकुर. थंडी पडली की आमच्या भिशीत तीन कुरकुरी ठरलेल्या असतात. पहिली हवेची, दुसरी राजकारणाची आणि तिसरी घरातल्या माणसांच्या वायरी-सोल्डरिंगच्या खटपटींची. चहाबरोबर तिन्ही निघतात, चहा संपला की तिन्ही संपतात, पुढच्या महिन्यात पुन्हा तिथूनच सुरू. यंदा मात्र या तिन्ही कुरकुरी एका वहीत आल्या, आणि त्या वहीतून एक काम झालं. ते कसं, ते सांगायला आलो आहोत.

आधी हवेचं. थंडीत दही लागत नाही. इडलीचं पीठ रात्रभर ओट्यावर असतं आणि सकाळी पातेल्यात जसंच्या तसं. खोबरेल तेलाची बाटली गोठते, ती गरम पाण्यात उभी करून ठेवावी तोवर खाली शाळेची बस हॉर्न वाजवते. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी पहाटे उठणाऱ्यांच्या वाट्याला, सातनंतरच्यांना नुसतं 'कोमट होतं वाटतं' असं समाधान. समोर टॉवर उभा राहिल्यापासून बाल्कनीत ऊन येतं दुपारी दोनला आणि साडेतीनला जातं, त्यात जीन्स काय वाळणार? आणि या सगळ्याच्या वरताण म्हणजे खोकला. सासऱ्यांचा पहाटेचा, मुलांचा रात्रीचा. खिडकी उघडली की धुराचा वास, बंद ठेवली की घरात कोंदट.

दुसरी कुरकुर राजकारणाची. यंदा तिला जोरच आला. आपल्या महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ची. मार्च २०२२मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार. 'आपला नगरसेवक कोण?' या प्रश्नाला 'माजी' लावूनच उत्तर द्यायचं. मग अखेर १५ जानेवारी २०२६ला मतदान ठरलं, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी! डिसेंबरपासून जिकडेतिकडे हळदीकुंकू आणि पैठणीचे खेळ. वाण म्हणून काय काय मिळालं, ते आम्ही इथे सांगत नाही. प्रभागात चार जागा, म्हणून एकेकीने चार मतं द्यायची. पॅनेल, चिन्हं, कोण कुठून कुठे गेलं, हे लक्षात ठेवता ठेवता तिळगुळाचा पाक कडक झाला, असं आमच्यातल्या एकीचं म्हणणं.

तिसरी कुरकुर घरातली. आपल्या भागात घरटी एक तरी इंजिनियर. कुणी हिंजवडीला, कुणी भोसरीला, कुणी चाकणला. दिवसभर कंपनीत यंत्रांशी झटापट करून मन भरत नाही, म्हणून रविवारी डायनिंग टेबलावर सोल्डरिंग. पोळीच्या डब्याशेजारी सर्किट बोर्ड, मिठाच्या बरणीत स्क्रू. रोज एक पार्सल, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, 'अगं, अडीचशेचा तर सेन्सर आहे.' आमच्यातल्या एकीचा लेक अकरावीत आहे. त्याने बाल्कनीत एक डबा लटकवला. त्यावर दोन आकडे दिसायचे, एक तापमानाचा आणि एक हवेतल्या बारीक धुळीचा. 'त्यापेक्षा कपडे वाळत घालायची दोरी बांधली असतीस तर?' असं त्याच्या आईने म्हटलं, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

पण त्या डब्यानेच वहीला सुरुवात झाली. डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला, तेव्हा भिशीत वाद पेटला. टीव्हीवर सांगतात तो आकडा शिवाजीनगरचा. आपण तिथून आठ-दहा किलोमीटरवर, पवनेच्या काठी. रक्षक चौकाकडे लष्कराच्या हद्दीतली झाडी लागली की गारवा अंगाला जाणवतो, तो आकड्यात कुठे? मग ठरलं, आपणच लिहायचं. एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि रोज पाच रकाने : तारीख, वेळ, तापमान, धुळीचा आकडा आणि शेरा. शेऱ्यात काहीही चालेल. 'दही लागलं नाही' हासुद्धा शेराच! दह्याचं विरजण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उबेत सुखाने वाढतं, ऊब निघून गेली की अडतं. म्हणजे आपल्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक तापमापक आहेच, फक्त त्यावर आकडे छापलेले नाहीत.

मोजायला लागलं की मोजण्याचे नियम कळतात. तापमापक उन्हात ठेवला तर तो उन्हाने तापलेला स्वतःचाच पत्रा मोजतो. भिंतीला टेकवला तर भिंतीत दिवसभर साठलेली ऊब मोजतो. म्हणून हवामान खातं तो पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत ठेवतं, सावलीत, वारा खेळता राहील असा, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर. स्वस्तातल्या सेन्सरचेही गुणदोष असतात. बाजारात मिळणारा तापमानाचा लहान सेन्सर दोन अंश इकडेतिकडे दाखवू शकतो. धुळीचा सेन्सर प्रकाशाच्या किरणाने कण मोजतो, त्यामुळे दाट धुक्यात पाण्याचे थेंबही धूळ म्हणून धरतो. म्हणून धुकं असलेल्या दिवसापुढे आम्ही फुली मारायचो. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही, तो रोज कधी चढतो आणि कधी उतरतो ते पाहायचं, हे त्या अकरावीतल्या मुलाने आम्हाला नीट समजावून सांगितलं.

'हे आपलं काम नव्हे' असं कुणी म्हणाली तर तिला आम्ही एक नाव सांगतो, अण्णा मणी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या बाई इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून आल्या आणि १९४८मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. ती इथे बनावीत म्हणून त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६मध्ये त्या निवृत्त झाल्या. आपण बसने 'शिमला ऑफिस'च्या स्टॉपवरून जातो ना, ते हेच खातं. १९२८मध्ये ते शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून चौकाला ते नाव पडलं. याच पुण्यात १७ जानेवारी १९३५ला पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. कुणीतरी त्या दिवशी कुडकुडत जाऊन तो आकडा वाचला आणि लिहिला, म्हणून आज नव्वद वर्षांनी आपल्याला तो कळतो.

आता वहीत काय निघालं ते सांगतो. धुळीचा आकडा दुपारी सर्वांत कमी असायचा. संध्याकाळी वाढायचा, रात्री अकरानंतर एकदम चढायचा आणि पहाटे पाच-सहाला सर्वांत वर. सकाळी नऊ-दहानंतर पुन्हा खाली. सुट्टीच्या दिवशी, रस्त्यावर गाड्या कमी असतानाही पहाटेचा चढ तसाच.

याचं एक कारण थंडीच्या स्वभावात आहे. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूरधूळ बरोबर घेऊन जाते. थंडीत रात्र मोठी, आकाश निरभ्र, वारा पडलेला. जमीन झपाट्याने गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर उबदार हवा आणि खाली गार हवा, असा उलटा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. खालचा धूर वर जाऊच शकत नाही. गार हवा जड, ती उतारावरून नदीकडे सरकते, म्हणून नदीकाठच्या वस्तीला त्याचा जास्त त्रास. सकाळी ऊन चढून जमीन तापली की झाकण निघतं. म्हणून सांगतो, दमेकरी माणसांनी थंडीत पहाटे पाचला फिरायला जाण्याचा हट्ट धरू नये. ऊन पडल्यावर जावं.

पण झाकणाने धूर कोंडतो, तो तयार करत नाही. मग रात्री अकरानंतर धूर येतो कुठून? भिशीत तर्क सुरू झाले. कारखाने, ट्रक, बांधकामं, मोकळ्या प्लॉटवर पेटवलेला कचरा. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण आमच्यातली एक पहिल्या मजल्यावर राहते आणि एक अकराव्या. दोघींनी आठवडाभर डबा आलटूनपालटून लावला. पहिल्या मजल्यावरचा आकडा रात्री कायम जास्त यायचा, आणि तापमान मात्र कमी. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, 'वास प्लायवुडचा येतो गं. आणि तो आपल्या गेटकडून येतो.'

गेटवर रात्रपाळीचे वॉचमनकाका असतात. रात्री आठ ते सकाळी आठ. केबिन आहे, पण तिला दार नाही. बारा तास त्या गारठ्यात बसायचं, गाडी आली की उठून बॅरियर उचलायचा. मग ते शेकोटी पेटवणारच! आणि शेकोटीत जे हाताशी असेल ते जाणार. सोसायटीत कायम कुणाचं तरी फर्निचरचं काम चालू असतं, त्याचे सनमायका लावलेले प्लायचे तुकडे, पार्सलांचे खोके, थर्मोकोल, प्लास्टिकच्या पिशव्या. म्हणजे आमच्याच घरांतून खाली गेलेला माल धूर होऊन आमच्याच खिडक्यांतून वर येत होता.

इथे आम्ही थोडं थांबलो. भिशीत दोन मतं पडली. एक म्हणाली, शेकोटी बंद करायला सांगा, नोटीस लावा. दुसरी म्हणाली, अकराव्या मजल्यावर ब्लँकेट घेऊन झोपणाऱ्यांनी खाली उघड्यावर बसलेल्या माणसाला शेकू नको म्हणायचं? आणि उलट्या थराचा हिशेब पाहिला तर सगळ्यांत गार हवा जमिनीलगत, सगळ्यांत दाट धूरही जमिनीलगत. थंडी त्यांच्याच वाट्याला जास्त आणि धूरही त्यांच्याच. आमच्या खोकल्याची कुरकुर भिशीत ऐकून घेतली जाते. काकांच्या खोकल्याची नोंद तर आमच्या वहीतही नव्हती. त्या दिवशी ती शेऱ्याच्या रकान्यात आली.

काकांना विचारलं. ते आधी म्हणाले, 'ताई, काही नाही, सवय आहे.' मग हळूच म्हणाले, 'दार मिळालं तर बरं होईल.'

मग आम्ही सोसायटीच्या कमिटीकडे गेलो. मैत्रिणींनो, खरं राजकारण तिथेच असतं. 'आज हीटर मागाल, उद्या एसी मागाल.' 'एजन्सीने बघायचं, आपण कशाला?' 'लाइटबिल कोण भरणार?' शेवटच्या प्रश्नाला वहीत उत्तर तयार होतं. हजार वॉटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. रात्री आठ तास चालला तर आठ युनिटं. आमचे फ्लॅट ऐंशी. म्हणजे घरटी रात्रीला युनिटचा दहावा भाग. जिन्यातला बल्ब दिवसाढवळ्या चालू राहतो, त्याची कुरकुर कुणी करत नाही! हे ऐकल्यावर एक आजोबा हसले आणि म्हणाले, 'पास करून टाका.'

दिल्लीत तर हा मुद्दा सरकारी नियमांत आहे. हिवाळ्यात हवा बिघडली की तिथे जे निर्बंध लागू होतात, त्यांत रहिवासी संघटनांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत म्हणजे शेकोट्या पेटणार नाहीत, असं सांगितलेलं असतं. आपली हवा दिल्लीइतकी वाईट होण्याची वाट का बघायची?

एक सूचना मात्र कळकळीने. केबिनला दार लावलं आणि आत कोळशाची शेगडी नेली, असं कधीही होऊ देऊ नका. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो तो उठतच नाही. म्हणून विजेचाच हीटर, आणि खिडकीची फट उघडी. आमच्याकडे दार लागलं, तेल भरलेला हीटर आला, आणि दोन जाड जॅकेटं घेतली, दिवसपाळीला एक, रात्रपाळीला एक. प्लायचे तुकडे सुताराने स्वतः न्यायचे, ही अट फर्निचरच्या परवानगीच्या फॉर्मवर आली.

पुढचा आठवडा वहीत पाहिला. पहिल्या मजल्यावरचा रात्रीचा चढ कमी झाला. गेला नाही, कमी झाला. उरलेला धूर बाहेरून येत होता, मोकळ्या प्लॉटवरच्या कचऱ्याचा, आणि दिवसा बांधकामांची धूळ. तिथे सोसायटीचा हात पोहोचत नाही. तिथे लागतो नगरसेवक. आणि बघा, तेवढ्यात मतं मागायला माणसं दारात आलीच होती.

आम्ही वाण घेतलं, तिळगूळ दिला आणि वही पुढे केली. 'कचरा जाळतात' असं नुसतं म्हटलं की उत्तर येतं, 'बघतो ताई.' पण अमुक तारखेला, इतक्या वाजता, अमुक चौकामागच्या प्लॉटवर, आणि महिन्यात इतक्या वेळा, असं वाचून दाखवलं की समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो. कुणी फोटो काढून घेतला, कुणी 'वहिनी, वही जपून ठेवा' म्हणाला. दोन महिला उमेदवारांनी तर नियम कोणता, दंड किती, असं नेमकं विचारलं. आपल्या महापालिकेत १२८ जागा आणि त्यातल्या निम्म्या महिलांच्या. २०११पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्मं आरक्षण आहे. नगरसेविकांनाही खोकणारी मुलं असतात, त्यांना हा विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नियम आहेच. २०१६च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. हा निकाल ज्या प्रकरणात लागला ते प्रकरण एका बाईंचं, अलमित्रा पटेल यांचं. त्या स्वतः इंजिनियर. गावाबाहेर रस्त्याकडेला टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन १९९६मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून २०००मध्ये देशभरासाठी कचऱ्याचे पहिले नियम झाले, आणि २०१६मध्ये हा निकाल. वीस वर्षं एक कुरकुर त्यांनी सोडली नाही. नुसती कुरकुर असती तर ती हवेत विरली असती. त्यांच्या हातात गावोगावच्या नोंदी होत्या.

निवडणूक झाली. १६ जानेवारीला निकाल लागले, फटाक्यांचा धूर वहीत नोंदला गेला. आता निवडून आलेल्या चौघांची नावं वहीच्या पहिल्या पानावर आहेत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने आमच्या दारात उभं राहून काय कबूल केलं, तेही. तक्रार केली की तिचा क्रमांक आणि तारीख लिहायची, उत्तर आलं की त्याची तारीख. आम्हाला भांडायचं नाही, पण विसरायचंही नाही.

तुम्हालाही असं करायचं असेल तर फार लागत नाही. मशीन नसलं तरी चालेल. एक वही, एक साधा तापमापक आणि नाक. वेळ रोज एकच ठेवा. जागा बदलू नका. जे दिसलं तेवढंच लिहा, कुणाचा संशय असेल तर तो शेऱ्यात 'संशय' म्हणून लिहा. एका जणीवर भार टाकू नका, आठवड्याचे वार वाटून घ्या. हवेचा आकडा मोबाइलवर पाहायचा असेल तर पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' ही सेवा आहे. देशाच्या मोजपट्टीवर हवेचा निर्देशांक पन्नासपर्यंत चांगला, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेच्या पुढे वाईट. तो आकडाही तारखेसमोर लिहा. आणि घरात कुणाला वायरींचा नाद असेल तर त्याला कामाला लावा. टेबल मोकळं होणार नाही, पण टेबलावरच्या पसाऱ्याला निदान घरच्यांचा आशीर्वाद तरी मिळेल.

फेब्रुवारीत हवा बदलेल. झाकण निघेल, खोकला कमी होईल, आणि आपण धूर विसरून पाण्याची कुरकुर सुरू करू. आपल्याकडे २०१९पासून पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्या रकान्याला काही तोटा नाही. म्हणून आम्ही वहीत सहावा रकाना आखून ठेवला आहे : पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं. कुरकुर करायची तर खुशाल करा मैत्रिणींनो, फक्त तिच्यापुढे तारीख घाला.

नमस्कार.